'कोपर वर घे, खाली मार, बॉलकडे बघ': बेसबॉल खेळणाऱ्या मुलांचा स्विंग नेमका कुठे चुकतो आणि तो कसा सुधारायचा?

स्विंग म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर हवेत वळणारा चेंडू येतो. बेसबॉलमध्ये स्विंग बॉलचा नसतो, बॅटचा असतो. पिचरने फेकलेला बॉल मारण्यासाठी हिटर बॅट फिरवतो, त्या संपूर्ण हालचालीला स्विंग म्हणतात.

हा खेळ आता आपल्याला पूर्वीइतका परका राहिलेला नाही. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये बेसबॉल आणि सॉफ्टबॉल परत येत आहेत. हा निर्णय ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात झाला. क्रिकेटच्या समावेशावरही तिथेच शिक्कामोर्तब झालं. महाराष्ट्रातल्या शालेय क्रीडा स्पर्धांमध्ये बेसबॉल आणि सॉफ्टबॉल खेळले जातात. अमेरिकेत वाढणाऱ्या मराठी घरांतल्या मुलांसाठी तर लिटल लीग हा शाळेइतकाच ओळखीचा शब्द आहे. १९३९ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्टमध्ये कार्ल स्टॉट्झ यांनी सुरू केलेली ही मुलांची लीग आज जगभर पसरली आहे.

लिटल लीगचा कुठलाही सामना बघायला गेलात तर जाळीच्या बाहेरून हमखास सूचना ऐकू येतात. 'कोपर वर घे!' 'खाली मार!' 'मागचा पाय फिरव!' 'बॉलकडे बघ!' आणि हे सगळं एकाच मुलाला, एकाच वेळी.

गंमत म्हणजे यातल्या बऱ्याच सूचना अर्धवट आहेत आणि काही तर चक्क चुकीच्या आहेत.

मुलाकडे वेळ किती असतो?

व्यावसायिक बेसबॉलमध्ये पिचर आणि होम प्लेट यांच्यात ६० फूट ६ इंच अंतर असतं. लिटल लीगच्या १२ वर्षांपर्यंतच्या मुख्य विभागात ते ४६ फूट असतं. एखाद्या मुलाने ताशी ८० किलोमीटर वेगाने बॉल फेकला, तर तो जेमतेम ०.६ सेकंदात प्लेटपाशी पोहोचतो. यातला साधारण ०.२ सेकंद बॅट फिरवण्यातच जातो. उरलेल्या वेळात बॉल दिसणं, तो कुठे येतोय हे ओळखणं आणि मारायचा की सोडायचा हे ठरवणं, एवढं सगळं बसवायचं असतं. त्यात कोपराचा विचार करायला जागा नसते.

चांगल्या स्विंगचा क्रम मात्र समजून घ्यायला हवा. पुढचा पाय टेकतो, मग कंबर वळते, कंबरेमागून खांदे, खांद्यांमागून हात आणि सगळ्यात शेवटी बॅट. शेताची राखण करणारा माणूस गोफण फिरवतो तेव्हा ताकद एकट्या मनगटाची नसते, सगळं अंग वळतं आणि दगड शेवटी सुटतो. बॅटचंही तसंच आहे. मुलांच्या बहुतेक चुका हा क्रम बिघडल्यामुळे होतात. आपल्याला दिसतं ते शेवटचं टोक, म्हणजे वाकडी गेलेली बॅट. बिघाड त्याच्या बराच आधी झालेला असतो.

आधी बॅट तपासा, मग मुलगा

स्विंगमध्ये काहीही बदलण्याआधी बॅटचं वजन बघा. कपडे घेताना 'वाढत्या अंगाचं आहे, पुढच्या वर्षीही होईल' हा हिशेब ठीक आहे. बॅटच्या बाबतीत तो महागात पडतो. बॅट जड असेल तर मूल ती हाताने ओढू शकत नाही, मग मागचा खांदा खाली पाडून, पाठ मागे झुकवून तिला फिरवतं. बघणाऱ्याला वाटतं तंत्र चुकतंय. खरं तर ते मूल बिचारं वजन पेलायचा मार्ग शोधत असतं.

बॅटवर लांबी इंचांत आणि वजन औंसांत लिहिलेलं असतं. लांबीच्या आकड्यातून वजनाचा आकडा वजा केला की जे उरतं त्याला 'ड्रॉप' म्हणतात. २८ इंच लांबीची बॅट १८ औंसांची, म्हणजे साधारण ५१० ग्रॅमची असेल तर ती 'उणे १०'. हा आकडा जितका मोठा, तितकी त्या लांबीला बॅट हलकी. अमेरिकेत हायस्कूलच्या खेळाडूंना उणे ३ ची बॅट वापरावी लागते, पण ती दहा वर्षांच्या मुलाच्या हातात देणं म्हणजे शिक्षाच. लिटल लीगच्या मुलांच्या विभागांसाठी घेताना बॅटवर 'यूएसए बेसबॉल' हा शिक्का आहे का, तेही बघा. जानेवारी २०१८ पासून तो नियम आहे.

एक सोपी चाचणी आहे. मुलाला एका हाताने बॅटची मूठ धरून हात बाजूला सरळ ताणायला सांगा. वीसेक सेकंदांच्या आत हात थरथरायला लागला किंवा बॅट खाली झुकली तर ती जड आहे. नवी घेणं लगेच शक्य नसेल तर मूठ इंच-दोन इंच वर सरकवून धरायला सांगा. त्यात कमीपणा काही नाही, मोठमोठ्या खेळाडूंनीही तसं धरलेलं आहे.

पकड बघायला फार वेळ लागत नाही. बॅट तळहातात रुतलेली नको, बोटांत हवी. दारावर टकटक करताना बोटांची जी पेरं वापरतो, ती दोन्ही हातांची साधारण एका रेषेत आली की पुरे. क्रिकेट खेळून आलेल्या मुलांचा इथे एक घोळ होतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा हात क्रिकेटमध्ये 'वरचा' असतो, बेसबॉलमध्ये तोच हात 'खालचा' होतो. हात बदललेला नसतो. फक्त बॅटचं टोक जमिनीऐवजी आकाशाकडे गेलेलं असतं!

पाय बाहेर पडतो, कारण भीती वाटते

लहान मुलांमध्ये सगळ्यात जास्त दिसणारी चूक ही. बॉल यायच्या आधीच पुढचा पाय पिचरच्या दिशेने न पडता बाजूला पडतो, त्याबरोबर खांदा उघडतो आणि शरीर प्लेटपासून लांब जातं. मग बाहेरच्या बाजूने आलेल्या बॉलपर्यंत बॅट पोहोचतच नाही. वेगवान गोलंदाजासमोर स्क्वेअर लेगकडे सरकणारा फलंदाज आठवा, तोच हा प्रकार.

यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे मुलाच्या टाचेमागे फळी किंवा दुसरी बॅट ठेवणं, म्हणजे पाय बाहेर टाकता येत नाही. पण पाय हे लक्षण आहे, आजार वेगळा आहे. बेसबॉलचं वजन १४२ ते १४९ ग्रॅम असतं आणि तो लागतो तेव्हा चांगलाच लागतो. ज्या मुलाला एकदा बॉल बरगडीत बसला आहे, त्याचा पाय बाहेर पडणारच. त्याला 'घाबरतोस काय!' म्हणून चिडवणं निरुपयोगी आहे आणि थोडं क्रूरही. पोरगं पुढच्या मोसमात खेळायला यायचं बंद होतं, ते बऱ्याचदा इथेच.

त्यामुळे अंग कसं वाचवायचं हे आधी शिकवा. अंगावर येणाऱ्या बॉलपासून छाती उघडी ठेवून मागे उडी मारायची नाही. पुढचा खांदा आत, कॅचरच्या बाजूला वळवायचा, हनुवटी छातीकडे घ्यायची, बॅट खाली आणायची आणि पाठ पिचरकडे करायची. बॉल लागलाच तर पाठीच्या किंवा मांडीच्या मांसल भागावर लागतो, चेहऱ्यावर नाही. हे टेनिस बॉलने करा. मुलाला सांगून दहा-बारा बॉल मुद्दाम त्याच्या अंगावर हळू फेका. पहिल्या दोन बॉलना ते दचकतं, पाचव्यापर्यंत हसायला लागतं. हेल्मेट मात्र या सरावातही डोक्यावर हवंच.

पुढच्या टप्प्यात मुलाला बॅट घेऊन प्लेटपाशी उभं करा, पण मारू देऊ नका. ओळखीचा पिचर सराव करत असताना फक्त बॉल बघायचा आणि 'स्ट्राइक' की 'बॉल' ते मोठ्याने सांगायचं. अंगावर येणारा बॉल आणि नुसता जवळून जाणारा बॉल यांतला फरक डोळ्यांना कळायला लागला की भीती बरीच उतरते. फळी त्यानंतर ठेवा. अनेकदा ती लागतच नाही.

एक सावधगिरीही हवी. पाय थोडा बाहेर पडूनही पुढचा खांदा आत राहत असेल आणि बाहेरचा बॉल नीट लागत असेल, तर त्या पायाला हात लावायची गरज नाही.

हात अंगापासून लांब जातात तेव्हा

याला इंग्रजीत 'कास्टिंग' म्हणतात. मासे पकडणारा गळ लांब फेकतो, तसे मुलाचे हात सुरुवातीलाच अंगापासून दूर जातात आणि बॅट मोठा फेरा घेऊन येते. फेरा मोठा म्हणजे वेळ जास्त. जवळून येणारा जलद बॉल मग मुठीजवळ लागतो आणि हात झिणझिणतात.

यासाठी जाळीचा सराव प्रसिद्ध आहे. बॅटची मूठ पोटाला लावायची, टोक जाळीला टेकवायचं आणि तेवढ्या अंतरावर उभं राहून जाळीला न लागता बॅट फिरवायची. उपयोग होतो, पण हा सराव अति केला तर मुलं हात पोटाशी आवळून धरायला शिकतात, आणि तीही चूकच. बॉलला लागल्यानंतर हात पुढे मोकळे व्हायला हवेत.

त्यापेक्षा लक्ष्य दिलेलं बरं. टी म्हणजे बॉल ठेवायचा उभा दांडा. तो प्लेटच्या बाहेरच्या कडेला, जरा मागे ठेवा आणि उजव्या हाताने खेळणाऱ्या मुलाला सांगा, 'हा बॉल उजव्या बाजूच्या मैदानात, सरळ रेषेत जाऊ दे.' हात लांब गेले तर बॉल तिकडे जोरात जातच नाही. शरीर आपोआप जवळचा रस्ता शोधतं. टी नसेल तर रस्त्यावर असतो तसा प्लॅस्टिकचा कोन आणि त्यात खोचलेला रबरी पाइपही चालतो.

खाली मारायचं की वर?

बेसबॉलमधला हा सगळ्यात जुना वाद. वर्षानुवर्षं मुलांना 'खाली मार, कुऱ्हाड चालवल्यासारखं' असं शिकवलं गेलं. कारण असं की सरपटी फटका पकडून फेकताना समोरच्याची चूक होऊ शकते.

बोस्टन रेड सॉक्सचे टेड विल्यम्स यांना हे मान्य नव्हतं. १९४१ मध्ये .४०६ च्या सरासरीने खेळलेल्या या खेळाडूने १९७० च्या 'द सायन्स ऑफ हिटिंग' या पुस्तकात साधा मुद्दा मांडला. पिचर उंचवट्यावरून फेकतो, वर गुरुत्वाकर्षण आहेच, म्हणजे बॉल खाली उतरत येतो. मग बॅट थोडीशी वर जाणारी असेल तर ती बॉलच्या मार्गात जास्त वेळ राहते. २०१५ मध्ये मेजर लीगच्या सगळ्या मैदानांवर 'स्टॅटकास्ट' ही मोजणी यंत्रणा आली आणि फटक्याचा कोन सगळ्यांना आकड्यांत दिसायला लागला. जे. डी. मार्टिनेझ या खेळाडूने त्याआधीच आपला स्विंग बदलला होता. मार्च २०१४ मध्ये ह्यूस्टनने त्याला सोडून दिलं, डेट्रॉइटने घेतलं आणि त्याच वर्षी त्याने २३ होम रन मारले.

मग मुलांनी सरळ वर मारायला सुरुवात करावी का? इथे गडबड होते. व्हिडिओ बघून मुलं मागचा खांदा पाडतात, मागचा गुडघा कोसळतो, हात कंबरेपर्यंत खाली येतात आणि मग बॅट वर उचलली जाते. विल्यम्स हे सांगत नव्हते. बॉलला बॅट लागताना मागचा खांदा थोडा खाली असणं नैसर्गिक आहे. शरीर वळायच्या आधीच तो पडणं ही चूक आहे.

ओळखायचं कसं? मूल कमरेखालचे बॉल बरे मारतं, पण छातीजवळच्या बॉलखालून बॅट काढतं किंवा उंच झेल देतं. उपाय म्हणजे टी छातीच्या उंचीला लावायची आणि समोरच्या जाळीवर तेवढ्याच उंचीला बॉल मारायला सांगायचं. हात आधी खाली आले तर बॅट टीच्या दांड्यावर आपटते, कोचला बोलावंच लागत नाही. उलट जे मूल प्रत्येक बॉल जमिनीवर आपटतं, त्याच्यासाठी टी पोटाच्या उंचीला, जरा पुढे ठेवा आणि 'पिचरच्या डोक्यावरून ने' एवढंच सांगा.

बॉलच्या अंगावर धावून जाणं

काही मुलं बॉल यायची वाट बघू शकत नाहीत. सगळं वजन आधीच पुढच्या पायावर जातं, डोकं पुढे सरकतं आणि पिचरने जरा हळू बॉल टाकला की बॅट केव्हाच फिरून गेलेली असते. क्रिकेटमधून आलेल्या मुलांमध्ये हे जास्त दिसू शकतं, कारण पुढचा पाय काढून चेंडूच्या टप्प्यापर्यंत जायचं हे त्यांच्या अंगात भिनलेलं असतं. बेसबॉलमध्ये टप्पाच नसतो.

कोच अशा वेळी 'मागे राहा' म्हणतात. मग मूल मागच्या पायावरच अडकतं आणि नवीच चूक सुरू होते. मूळ अडचण पायाची नसून वेळेची असते. ही मुलं तयारी उशिरा सुरू करतात, म्हणून घाई होते. पिचरचा हात मागे जायला लागला की हिटरनेही मागे वजन घ्यायचं, पाऊल लवकर पण हळू टाकायचं आणि पाऊल टेकल्यावर हात अजून मागेच असायला हवेत. सरावात बॉल टाकणाऱ्याने मधूनच बॉल टाकल्याचं नाटक करावं. मूल तोल न जाता थांबलं तर वेळ जमली. मग हळू आणि जलद बॉल आलटूनपालटून टाकावेत.

'किडा चिरड' आणि इतर मंत्र

मागच्या पायाच्या चवड्याखाली किडा आहे असं समज आणि तो चिरड, ही अमेरिकेतली पिढ्यान्‌पिढ्यांची सूचना. लहानग्यांना कंबर वळवायची असते एवढं त्यातून कळतं, हे खरं. पण पाय जागेवर फिरवत बसलं की वजन मागेच राहतं. मोठ्या खेळाडूंचा स्विंग हळू गतीत बघा. बॉल लागतो तेव्हा मागची टाच उचललेली असते आणि अनेकांच्या पायाचं फक्त टोक जमिनीला टेकलेलं असतं, कधी तेही नसतं. हा किडा जगू दिलेला बरा.

'कोपर वर' चंही तेच. कोपराची उंची ही ज्याची त्याची ढब आहे. खांद्यात ताकद नसलेल्या मुलाने कोपर वर ठेवलं तर ते स्विंगच्या सुरुवातीला धपकन खाली येतं आणि बॅटही सोबत खाली येते.

आणि 'बॉलकडे बघ'? मूल बघतच असतं. खरं तर बॉल बॅटला लागेपर्यंत कुणीच बघू शकत नाही. टेरी बाहिल आणि टॉम लारिट्झ यांनी १९८४ मध्ये दाखवून दिलं की जलद बॉल शेवटच्या काही फुटांत डोळ्यांच्या वेगापुढे निघून जातो. उपयोगी पडतं ते सुरुवातीला, पिचरच्या हातातून बॉल सुटताना बघणं. टेनिस बॉलवर लाल-निळे ठिपके काढा आणि रंग ओळखायला सांगा. मान झटक्यात वळत असेल तर बहुधा मूल गरजेपेक्षा जास्त जोर लावतंय.

सुधारणा करायची कशी?

फोनवर हळू गतीचा व्हिडिओ घ्या, एक छातीच्या समोरून आणि एक पाठीमागून, जाळीच्या पलीकडे सुरक्षित उभं राहून. वीस-पंचवीस स्विंग बघा. एकदाच झालेली चूक सोडून द्या, पुन्हा पुन्हा होणारी धरा आणि त्यातलीही सगळ्यात आधी घडणारी एकच निवडा. दोन-तीन आठवडे फक्त तिच्यावर काम करा. मधल्या काळात मूल आधीपेक्षा वाईट खेळू शकतं, हे त्यालाही आधीच सांगून ठेवा.

टीवरचा सराव गरजेचा आहे, पण पुरेसा नाही. १९९४ च्या एका अमेरिकी अभ्यासात ज्युनिअर कॉलेजच्या खेळाडूंना सहा आठवडे जादा सराव दिला गेला. एका गटाला एकाच प्रकारचे १५-१५ बॉल सलग मिळाले, दुसऱ्याला तेच बॉल मिसळून. शेवटी पहिल्या गटाची सुधारणा सुमारे २५ टक्के होती, दुसऱ्याची ५७ टक्के. ही मुलं वयाने मोठी होती, तरी सरावात सामन्यासारखी अनिश्चितता हवी हे त्यातून दिसतं.

सामन्यात मात्र तंत्राबद्दल बोलू नका. संशोधक रॉब ग्रे यांच्या २००४ च्या प्रयोगात मुरलेल्या खेळाडूंना स्वतःच्या बॅटच्या हालचालीकडे लक्ष द्यायला लावलं, तेव्हा त्यांची कामगिरी घसरली. नवशिक्यांचं तसं नुकसान झालं नाही. म्हणून नव्या मुलाला सरावात 'कंबर आधी' सांगायला हरकत नाही. जे मूल दोन-तीन मोसम खेळलंय, त्याला प्लेटपाशी जाताना 'मधल्या मैदानात मार' एवढं एकच वाक्य पुरतं. बाकीच्यांनी जाळीबाहेर टाळ्या वाजवाव्यात.

आणि दुखत असेल तर हे सगळं बाजूला ठेवा. स्विंग करताना कमरेच्या खालच्या भागात, मनगटात किंवा तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूला दुखत असेल आणि काही दिवसांच्या विश्रांतीने ते गेलं नसेल, तर सराव बंद करून डॉक्टरांना दाखवा. वाढत्या वयात सतत एकाच दिशेला वळल्याने पाठीच्या मणक्याच्या हाडाला बारीक तडा जाऊ शकतो. तो वेळेत कळला तर बहुतेकदा विश्रांती आणि व्यायामाने बरा होतो. अंगावर काढला तर अख्खा मोसम जातो.